लांबवलेलं जेवण

तुमच्या आईचं, म्हणजे माझ्या कुसुमचं, बोलणं एकदा बंद झालं होतं. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि आम्ही सोलापुरात राहत होतो. तिनं तुम्हाला हे कधी सांगितलं असेल असं वाटत नाही, कारण तिला त्यातलं फारसं आठवतच नाही. मला मात्र सगळं आठवतं. देवानं तुमच्यासाठी कधी काही केलं का, असं कुणी विचारलं तर मला हाच एक प्रसंग सांगता येतो. तो चमत्कार होता की नव्हता, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. तुम्ही इतक्या लांब राहता की जवळ बसवून सांगणं आता व्हायचं नाही, म्हणून जसा घडला तसा लिहून ठेवते.

पुण्याच्या शाळेत इंग्रजी शिकून मी सोलापुरात सून म्हणून आले. तुमचे आजोबा वकील होते. घरी माझ्या सासूबाई होत्या आणि दुपारी मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जात असे. सोलापुरात त्या काळी घरात घड्याळ नसलं तरी कुणाचं अडत नसे. गिरण्यांचे भोंगे होत आणि सगळं गाव त्यावर चाले. आमच्या मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती, त्यांचे माग उजाडता सुरू होत. त्या आवाजानं मला उत्साह येई. एक काम हातात असतानाच पुढचं कुठलं हे मला माहीत असे, आणि रात्री निजताना आजचा दिवस पुरेपूर वापरला असं वाटलं की समाधानानं झोप लागे. शेजारच्या बायका म्हणत, "वकिलीणबाईंना बसलेलं कुणी पाहिलंय का?" मला ते ऐकायला आवडत असे.

त्या उन्हाळ्यात कुसुमला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला. पुष्कळ दिवस तो उतरला नाही. मी शाळेतून रजा घेऊन तिच्या उशाशी बसले. औषध, पेज, कपाळावरच्या पट्ट्या, सगळं वेळच्या वेळी केलं आणि ताप उतरला. आम्ही देवापुढे साखर ठेवली. मग दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पोरीनं ताप उतरल्यापासून एक अक्षर काढलेलं नाही. तिला ऐकू येत होतं. सांगितलेलं कळत होतं. भूक लागली की ती माझ्या पदराला धरून स्वयंपाकघराकडे ओढत असे. पण तोंडातून शब्द नाही. हाक नाही, हट्ट नाही. रडतानासुद्धा आवाज येत नसे, नुसतं पाणी वाहत असे.

डॉक्टर म्हणाले, "लांबलेल्या तापानंतर कधी कधी असं होतं. बहुतेक मुलांचं परत येतं. काहींचं येत नाही, तेही मी तुमच्यापासून लपवत नाही. घाई करू नका. तिला आपणहून बोलावंसं वाटलं पाहिजे."

त्यांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. 'काहींचं येत नाही' एवढंच डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला घेतलं. सकाळी दूध प्यायल्यावर, शाळेतून आल्यावर, दिवेलागणीला आणि निजण्याआधी, असे तिचे पाठ मी ठरवून टाकले. पाटीवर चित्र काढायचं, तिच्या समोर धरायचं आणि म्हणायचं, "म्हण, पाणी. म्हण, गाय. म्हण, आई." मी कधी रागावले नाही की आवाज चढवला नाही. वेळेवर सुरू करत असे आणि वेळेवर थांबत असे. ती माझ्या तोंडाकडे पाही, ओठ घट्ट मिटून घेई आणि पाठ संपला की माझ्या आधी उठून जाई.

सासूबाईंचं सगळं वेगळं होतं. करमाळ्याची कमळाभवानी ही आमच्या घरची देवी. आषाढ लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "तिची वाचा गेली आहे ना? मग तू तुझी थोडी देवीला दे. चार महिने जेवताना मौन धर. कार्तिकात करमाळ्याला जाऊन घंटा वाहा."

चातुर्मासात असे नेम पुष्कळ बायका धरत. मौनाचा नेम असला की पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही, आणि शेवटी देवळाला घंटा द्यायची. पण मी माझ्या शिक्षणाच्या तोऱ्यात होते. देवीला माझ्या गप्प बसण्याचं काय, आणि त्यानं पोरीची जीभ कशी मोकळी होणार, असं मनात येई. तरी मी हो म्हटलं. रात्री तिच्याकडे पाहिलं की वाटे, हे केलं नाही आणि ती बोललीच नाही तर? श्रद्धा म्हणतात ती ही नव्हे, हे मला ठाऊक होतं. भीतीनं धरलेला नेम तो.

आणि एकदा धरायचाच तर तो माझ्या पद्धतीनं धरला. एवढ्याशा नेमावर मला भरवसा नव्हता, म्हणून त्याला आणखी जोडले. पहाटे जप, संध्याकाळी पोथीचा अध्याय, चार महिने परक्याच्या हातचं अन्न नाही. सगळे दिवसात बसवले. कुठे बसेना तेव्हा कुसुमला केस विंचरताना गोष्ट सांगत असे ती बंद केली. नाहीतरी ती काही विचारत नव्हती, आणि हात विंचरत असताना तोंडानं जप करता येत होता. सासूबाईंनी नियम घालून दिला होता, "हूं सुद्धा म्हणायचं नाही. खुणा नाहीत. बोललीस तर पानावरून उठायचं आणि नेम मोडला असं समजायचं." कुणी विचारायला नको, बोलायला नको, म्हणून मी सगळ्यांच्या मागून एकटी जेवायला बसू लागले. भराभर उरकत असे. मौनात असताना करता येण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तो वेळ मला फुकट गेल्यासारखा वाटे.

श्रावण गेला, भाद्रपद गेला, नवरात्र झालं, दिवाळी झाली. पोरगी बोलली नाही. आता पाठाची पाटी पाहिली की ती पलंगाखाली जाऊन बसत असे. डॉक्टर पूर्वी "येईल" म्हणत, ते आता "पाहू" म्हणू लागले.

कार्तिकात आम्ही घंटा घेऊन निघालो; तुमचे आजोबा, मी आणि कुसुम. सासूबाईंचे गुडघे धरले होते म्हणून त्या घरी राहिल्या. आगगाडीनं केमला उतरायचं, तिथे आजोबांच्या एका पक्षकाराची बैलगाडी यायची होती, तिनं करमाळ्याला मुक्कामाला पोहोचायचं आणि सकाळी देवळात घंटा वाहून मौन सोडायचं, असं ठरलं होतं. आगगाडी वेळेवर आली, गाडीवानही वेळेवर आला. केम मागे टाकून पुष्कळ पुढे गेलो आणि एका ओढ्याच्या उतारावर चाकाची धाव, म्हणजे कडेची लोखंडी पट्टी, निसटली. गाडीवानानं चाकाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता लोहाराबिगर हे हालत न्हाय, सायेब."

लोहार जवळच्या गावात होता. चाक एकट्यानं नेण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून न्यायचं ठरलं. ओढ्याच्या पलीकडे बाभळींखाली मेंढरांचा तळ पडला होता. माणसं कळप घेऊन रानात गेलेली, आणि तळावर एक बाई, एक घोडं आणि नुकती जन्मलेली चार-सहा कोकरं. आजोबांनी लांबूनच तिला सांगितलं, "बाई, आमची मंडळी इथं बसतात. जरा लक्ष असू द्या." तिनं हात वर केला. आजोबा आणि गाडीवान चाक ढकलत निघून गेले.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर दुपार वाया गेली. जप सकाळीच झाला होता, पोथी सामानात खोल गेली होती. कुसुमचा पाठ घ्यावा म्हणून पाटी काढली, तर ती गाडीखाली शिरून बसली. मग दुसरं काही सुचेना, म्हणून मी शिदोरी सोडली. दशम्या आणि लसणीची चटणी होती. कुसुमला पानावर वाढून दिलं, मलाही घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्या शेजारी जेवत होती. मी देवीचं नाव घेऊन पहिला घास घेतला आणि माझं मौन सुरू झालं.

तेवढ्यात ती बाई ताकाचं मडकं घेऊन आली. चाळिशीची असेल. डोईवर पदर, हातात कडी, आणि काखेत एक कोकरू.

"वाईच ताक घेता का, बाई?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. दुसरं काही करायची मुभा नव्हती.

"नगं? ऱ्हायलं." ती समोरच बसली. "कुटनं येनं झालं? सोलापुरास्नं व्हय?"

मी घास चावत राहिले.

"देवीला निगालासा वाटतं. बरं हाय." मडकं खाली ठेवून ती म्हणाली, "काय वो, शेरातल्या बायांला आमच्यासंगं बोलाया लाज वाटती का?"

माझे कान तापले. मग ती कुसुमकडे वळली. "तुजी आई काय बोलत न्हाय. तू तरी बोल की, बये. नाव काय तुजं?"

कुसुमनं ओठ मिटून नुसती नकाराची मान हलवली.

त्या बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिचा चेहराच बदलला. कोकरू खाली ठेवून तिनं कपाळाला हात लावला. "अरं माज्या कर्मा! माय बी मुकी आन् लेक बी मुकी! आन् मी येडी त्यास्नी टाकून बोलतीया. घरात दोगीजनी समोरासमोर बसून काय करत असतील गं बया!"

"माझी आई मुकी नाहीये!"

आवाज खरखरीत होता, घशात काहीतरी अडकल्यासारखा, आणि रागीट होता. मी मान वर केली. कुसुम उभी राहिली होती. तिच्या हातातली दशमी खाली पडली होती.

"ती शाळेत शिकवते. इंग्रजी सुद्धा येतं तिला."

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. खरं सांगते, त्या क्षणी मला काही शहाणपण सुचलं नाही. जिभेवर एकच शब्द येऊन उभा होता, महिनोन् महिने वापरलेला: म्हण. कुसुम, पुन्हा म्हण! मौन नसतं तर मी तो उच्चारला असता, तिला पोटाशी धरलं असतं, रडून गोंधळ घातला असता, आणि ती पुन्हा गाडीखाली शिरली असती. मला अडवलं ते ज्यावर माझा विश्वास नव्हता त्या नेमानं. उद्या तो संपणार होता. आज मोडला आणि आत्ताच आलेली वाचा पुन्हा गेली तर, या भीतीनं मी तोंड मिटून ठेवलं.

"अगो बया! ही तर बोलती की!" ती बाई हसायला लागली. "मग तुजी आई गप का? बापासंगं भांडलीया?"

"नाही. ती जेवतेय. जेवताना तिला बोलायचं नाहीये. देवीला कबूल केलंय."

"असं व्हय! आन् तू का गप व्हतीस? तू बी कबूल केलंवतंस?"

कुसुम पुढे सरकली. ती कोकराकडे बघत होती. "याचं नाव काय?"

"मेंढराला कुटं नाव असतंय?"

"मग हाक कशी मारता?"

"हुर्र म्हनायचं. येतंय पळत."

"सगळीच आली तर?"

"येऊ देत की! आपलीच हायेत."

कुसुम हसली. मग तिनं खाली बसून त्या बाईला विचारायला सुरुवात केली: घोडं कशाला, रात्री लांडगा येतो का, पावसात कुठे निजता. मध्येच शब्द अडे, ती थांबे, ओठ हलवी. माझ्या मनात तो शब्द आयता तयार असे आणि देता येत नसे. ती बाई काही मदत करत नव्हती. तिला घाई नव्हतीच. कोकराच्या अंगातले काटे काढत ती आपली बसली होती. थोड्या वेळानं शब्द येत होता. त्या बाईला काही विचारायचं असलं की ती कुसुमला विचारी, कारण मी बोलणार नाही हे तिला आता कळलं होतं, आणि कुसुम माझ्या वतीनं सांगत होती: आमच्या घरी आजी आहे, तिचे गुडघे दुखतात, आमच्या गल्लीत माग वाजतात, बाबा कोर्टात जातात.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या पानावर शेवटचा तुकडा राहिला आहे. जेवण संपलं की हात धुवायचे, हात धुतले की मौन सुटणार, आणि मौन सुटलं की मी बोलायला लागणार. माझा माझ्यावर विश्वास नव्हता. मी तो तुकडा चिमण्यांच्या घासाएवढा करत करत खाल्ला. जन्मात इतकी हळू मी कधी जेवले नव्हते. तरी तो संपला. त्या बाईनं माझं रिकामं पान पाहिलं, तळावर गेली आणि बाजरीची अर्धी भाकरी आणून न विचारता माझ्या पानावर टाकली. "जेव गं बाई. भूक लई दिसती तुजी."

परक्याच्या हातचं खायचं नाही, हा माझा चार महिन्यांचा दुसरा नेम. तो मी त्या भाकरीसाठी मोडला. विचार करून मोडला असं म्हणवत नाही. हात पुढे गेला. ती भाकरी जाड होती, थंड होती आणि तिला घोंगड्याचा वास येत होता. मी ती उन्हं उतरेपर्यंत पुरवली.

तुमचे आजोबा चाक घेऊन परतले तेव्हा ओढ्याच्या काठावरच थांबले. त्यांना आधी वाटलं, तळावरचं कुणाचं मूल बोलतंय. मग त्यांनी चाक सोडून दिलं. ते आडवं पडलं, गाडीवान ओरडला, "सायेब, धरा की! येळ व्हतोय, अंधार पडंल!" वेळेचे इतके पक्के तुमचे आजोबा, पण डोळे न वळवता म्हणाले, "पडू दे रे. थांब जरा."

शेवटी मी उठले. कुसुमनंच तांब्या घेऊन माझ्या हातावर पाणी घातलं. मी चूळ भरली. आता मी बोलायला मोकळी होते. ती माझ्याकडे पाहत होती, मी काय म्हणते याची वाट बघत. आणि मला काहीच म्हणायचं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझ्या पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आई, तिचं नाव म्हाकूबाई आहे."

"हो का?" मी म्हटलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कमळाभवानीला घंटा वाहिली. देवीपुढे डोकं टेकलं आणि तसंच ठेवलं. मागून लोक ढकलू लागले तेव्हा उठले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. भाकरीचंही सांगितलं, आणि विचारलं, "मग माझा नेम मोडला की पाळला गेला?" त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्याचं देवी बघेल. तू मला पुन्हा सांग, पोरगी उभी राहून काय म्हणाली?" मी सांगितलं. संध्याकाळी त्यांनी परत सांगायला लावलं. डॉक्टर म्हणाले, वाचा यायचीच होती, ती त्या दुपारी आली. असेलही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि देवीच्या बाजूनं साक्षही दिली नाही. मला एवढंच माहीत आहे की ती वाचा येण्यासाठी जागा लागत होती, आणि जागा म्हणून जे काही होतं ते मी माझ्या हातांनी भरून टाकलं होतं. ते रिकामं करणं मला कधीच जमलं नसतं. ते माझ्याकडून करवून घेतलं गेलं. धाव निसटली, तोंड बंद होतं आणि एका बाईनं न विचारता भाकरी वाढली.

त्यानंतर मी काही निवांत बाई झाले नाही. वेळ वाया घालवू नये असं मी आजही मानते; शाळाही पुढे बरीच वर्षं शिकवली. पण पाठ बंद केले आणि वेणी घालताना पुन्हा गोष्ट सांगू लागले. संध्याकाळी आम्ही सगळे एका पंगतीला बसू लागलो. त्या जेवणाची सुरू व्हायची वेळ ठरलेली होती, संपायची नव्हती. दिवसातला एवढा भाग मी कुठल्याच कामाला दिला नाही, अगदी जपालाही नाही. त्यात काय येईल ते माझ्या हातात नसे. काही दिवस कंटाळाच येई, काही दिवस भांडणं होत, आणि कधी कधी कुणीतरी मनातलं काढून पानापाशी ठेवी, जे दिवसभर विचारूनही मिळालं नसतं. देवावर सोडणं म्हणजे काय, हे मोठमोठ्या पोथ्यांतून मला फारसं कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की दिवस नीट आखावा, आणि आखताना त्याच्यासाठी थोडा कोरा ठेवावा.

तेव्हा बाळांनो, जेवताना तुमची आई काही सांगू लागली, आणि मध्येच एखादा शब्द तिला आठवेना, तर तो तिला सुचवू नका. हात वाळले तरी बसून राहा. तिला तो सापडेल.